जन्मदाखल्यातला बाप

बायको जर्मनीत नर्स आहे हे सांगताना माझ्या आवाजात रुबाब येतो, असं आमच्या लॅबमधले लोक म्हणतात. येत असेल. नांदेडच्या दवाखान्यात बारा-बारा तासांच्या ड्युट्या करून, डबा खाता खाता जर्मन क्रियापदं पाठ केलेली बाई आहे ती. तिचा व्हिसा तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवला. घोळ झाला तो माझ्या आणि लेकीच्या व्हिसाचा, आणि त्याला ना जर्मनीचं सरकार जबाबदार होतं ना कुठला एजंट. तो घोळ आमच्या घरातलाच होता.

ती गेली तेव्हा लेक अडीच वर्षांची होती. मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळी सहाला लोकांच्या दंडाला पट्टी बांधायला हजर असतो. गाव चाकूर तालुक्यात. तिथे धाकटा भाऊ शेती बघतो आणि आई त्याच्याकडे असते, पण तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा लेकीला आजोळी ठेवायचं ठरलं. आजोळ म्हणजे हिमायतनगर तालुक्यातलं माझ्या सासऱ्यांचं घर, आणि सासरे म्हणजे माझे सख्खे मामा. मामाची मुलगी केली मी. आमच्याकडे यात कुणाची भुवई वर जात नाही. उलट मामाला उपवर मुलगी असताना भाच्याने बाहेरची केली तर मामा रुसतो. बायको लहानपणापासून मला 'तू' म्हणायची. लग्नानंतर चारचौघांत 'तुम्ही' म्हणायला लागली, आणि भांडताना अजूनही 'तू'वर येते.

वर्षभराने तिने तिकडे दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आणि मला म्हणाली, "आता तुमचं बघा." म्हणून मी लातूरच्या ट्यूशन एरियात एका व्हिसा सल्लागाराकडे गेलो. पूर्वी त्या जागी फिजिक्सचा क्लास होता, बोर्ड तसाच होता. सल्लागाराने त्यावर रेघा मारून मला परदेशात राहण्याच्या वाटा समजावल्या. स्वतःच्या शिक्षणावर नोकरी शोधायला जाता येतं, पण त्याला वय, पदवी, भाषा यांचे गुण मोजतात आणि माझे गुण काठावर होते. शिकाऊ म्हणून जाऊन तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून शिकता येतं, पण चौतिसाव्या वर्षी मला कोण घेणार, आणि लेकीला सोबत नेता येईल याची खात्री कुणी देणार? मग आवाज खाली आणून तो म्हणाला की टुरिस्ट म्हणून जायचं आणि पुढचं पुढे बघायचं, असंही काही लोक करतात. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने ती रेघ स्वतःच पुसली.

"सर, तुमची तर घरचीच वाट आहे," तो म्हणाला. "मॅडम तिथे आहेतच. कुटुंब म्हणून अर्ज करा. तिथे तुम्हाला नोकरीही करता येईल, मुलगीही येईल. लग्नाचा दाखला, तिघांचे जन्मदाखले, तुमची भाषेची पहिली परीक्षा. विषय संपला."

विषय तिथेच सुरू झाला. भाषेच्या परीक्षेत मी कसाबसा पास झालो आणि मुंबईच्या व्हिसा केंद्राची तारीख मिळाली, एका महिन्यानंतरची. ती चुकली तर पुढची सात-आठ महिन्यांनी मिळेल, असं सल्लागाराने बजावलं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अजून आठ महिने मला न्हाई जमणार. तारीख गेली तर मी सगळं सोडून परत येईन." तिथे कायम नर्स म्हणून मान्यता मिळायला तिची शेवटची परीक्षा बाकी होती. ती देण्याआधी परत आली असती तर चार वर्षांची मेहनत पाण्यात, आणि इथे पुन्हा त्याच नांदेडच्या ड्युट्या. ती बोलते ते करते, हे मला मामाच्या घरात सुट्ट्या काढल्यापासून ठाऊक आहे.

माझ्याकडे जन्मदाखला नव्हताच. पासपोर्ट शाळेच्या कागदांवर निघाला होता. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत तीन दिवस घालवले, नोंद सापडेना. तेव्हा आई हसून म्हणाली, "इथं कशी सापडंल? पहिलं बाळंतपण माहेरात असतंय. तू मामाच्या गावात झालास." हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडलो आणि नांदेडवरून हिमायतनगरची गाडी धरली.

मामांच्या गावचा ग्रामसेवक दोन गावं सांभाळायचा, त्यामुळे इथे तो मंगळवारी आणि शुक्रवारीच सापडे. तो शुक्रवार होता. मुंबईच्या तारखेला चोवीस दिवस उरले होते. त्याने कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, फडक्याने पुसलं आणि बोट खाली सरकवत एका ओळीवर थांबला. जन्माची तारीख माझीच. लिंग पुरुष. नाव रिकामं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. पुढचं वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं.

वडिलांच्या रकान्यात मामांचं नाव होतं. आईच्या रकान्यात मामींचं. खबर देणारा म्हणूनही मामाच.

"तुम्ही यांचे जावई ना?" ग्रामसेवकाने विचारलं.

लग्नाच्या दाखल्यावर बायकोच्या वडिलांचं जे नाव होतं तेच इथे माझ्या वडिलांचं होतं. सरकारी कागदाप्रमाणे मी माझ्या सख्ख्या बहिणीशी लग्न केलं होतं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मी मुंबईच्या खिडकीत देणार होतो!

दुरुस्ती होऊ शकते, ग्रामसेवक म्हणाला. माझे शाळेचे कागद, आईचं प्रतिज्ञापत्र, दोन वयस्कर पंच, आणि मुख्य म्हणजे ज्याचं नाव बाप म्हणून लागलंय त्याचं प्रतिज्ञापत्र. शिवाय त्याने स्वतः येऊन रजिस्टरच्या समासात सही करायची. "मंगळवारी घेऊन या, एका दिवसात दाखला देतो."

बाहेर येऊन मी आधी सल्लागाराला फोन केला. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "सर, ही नोंद तुम्ही पाहिलीच नाही. चाकूरकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडा. चालतं ते." खरं सांगतो, मला मोह झाला. चाकूरला खरंच नोंद नव्हती, म्हणजे दाखला खोटाही नसता. तसंच करू असं ठरवून मी बायकोला फोन लावला.

"तू पाहिलीस ना ती नोंद?" ती म्हणाली. ती 'तू'वर आली होती. "मी इथं रोज सही करते, की ही गोळी मी दिली, ह्या वेळेला दिली. एक सही खोटी निघाली तर मला दारातून बाहेर काढतील. लेकीला असल्या कागदावर न्हाई आणायचं मला. आबांना घेऊन जा आणि सरळ करून घे." मामांना ती आबा म्हणते.

त्या दिवशी जेवताना मी मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील, कारण मामा तसे थट्टेखोर, मला अजूनही मुद्दाम 'जावईबापू' म्हणून हाक मारणारे. ते हसले नाहीत. "त्या वक्ताच्या ग्रामसेवकाची चूक झाली आसंल," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मामी भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. माझी लेक मामांच्या मागे मागे गेली आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

आईने आठवड्यात चाकूरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. नोंद अशी कशी झाली विचारलं तर म्हणाली, "तुझ्या मामालाच इचार." मी विचारलं नाही. मला कारण नको होतं, सही हवी होती.

मंगळवारी मामा आले नाहीत. हळद शिजवायचा कुकर गावात एकच होता आणि त्यांचा नंबर त्याच दिवशी लागला, असं कळलं. खरं असेल, मी लातूरहून धावत येऊन वाफेच्या ढगात उभ्या मामांना पाहिलं. शुक्रवारी ते हळदीचा भाव बघायला नांदेडला गेले. भाव तर फोनवरही कळतो, पण मी गिळून घेतलं. लॅबच्या मालकांनी मला विचारलं की तुमची नोकरी इथे आहे की हिमायतनगरला. मी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा टाकली आणि मामांच्या घरीच मुक्काम ठोकला, म्हणजे तिसरी वेळ चुकायला नको.

तिसरीही चुकली. मंगळवारी सकाळी उठलो तर मामा घरात नाहीत, फोन बंद. तेरा दिवस उरले होते. दाखला मिळाल्यावर त्यावर मुंबईत मारायचे सरकारी शिक्के आणि जर्मन भाषांतर यांना आठ दिवस लागणार होते, म्हणजे येत्या शुक्रवारनंतर सगळंच संपणार होतं. मी शेतात गेलो. मामा वाळत घातलेल्या हळदीजवळ बसले होते, काही न करता. त्यांच्या शेजारी माझी लेक वाकड्या कांड्या वेगळ्या काढत होती.

"मामा, ग्रामसेवक दोनपर्यंतच असतो," मी म्हणालो.

"आसू दे की."

"तुमची लेक तिकडं नोकरी सोडून येते म्हणून राहिली."

"येऊ दे. घर तिचं हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही पोरगी इथं खाऊनपिऊन सुखात हाय. अंगणवाडीत जाऊन राहिली. तुला काऊन येवढी घाई?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळद, भाव, बंद फोन, सगळं एकाच गोष्टीसाठी होतं. सही झाली की नात जाणार. स्वतःच्या लेकीला त्यांनी हौसेने परदेशी पाठवलं होतं, नांदेडला नर्सिंगला घालताना भावकीशी भांडले होते. पण नात त्यांना सोडवत नव्हती. मला दया यायला हवी होती. मला संताप आला. मी असं काही बोललो की आजही ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

"ती तुमची नाही मामा," मी म्हणालो. "माझी आहे."

मामांनी मान खाली घातली. मी लेकीला उचललं तर ती आबांकडे हात करून रडायला लागली, म्हणून तिला पुन्हा तिथेच ठेवून मी एकटा घरी आलो. दोन दिवस आम्ही एकाच पंगतीला बसून एकमेकांशी बोललो नाही. बायकोला मी "होऊन जाईल" म्हणत होतो आणि तिला माझा आवाज कळत होता.

गुरुवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिची जेवणाची सुट्टी होती. अंगावर दवाखान्याचा पांढरा ड्रेस, मागे खिडकीत पानं नसलेलं झाड. ओसरीवर मामी शेंगा फोडत होत्या, लेक त्यांना रेलून बसली होती, मामा खांबाला टेकून. गेले काही आठवडे लेक फोनसमोर यायला टाळाटाळ करायची. मी फोन तिच्यासमोर धरला.

"ओळख बरं, कोण आहे?" बायकोने विचारलं.

लेकीने पडद्याकडे पाहिलं. "फोनवाली आई," ती म्हणाली.

बायको हसली. हसून म्हणाली, "आणि दुसरी कोणती आई आहे गं तुला?"

लेकीने मामींच्या मांडीवर हात ठेवला. "ही. खरी."

मामी म्हणाल्या, "न्हाई बाय, म्या आजी हाय, आजी मन." पण पडद्यावर कुणी नव्हतं. बायकोने कॅमेऱ्यावर तळहात ठेवला होता. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि मग कॉल बंद झाला. मामी रडायला लागल्या, जणू त्यांनी काही चोरलं होतं. मामा उठून चप्पल न घालताच बाहेर गेले.

शुक्रवारी मी आंघोळ करून आलो तर मामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार बसले होते. आदल्या दिवशीच चाकूरहून आलेली माझी आई आणि गावातले दोन पंच यांना घेऊन आम्ही दहाला ग्रामपंचायतीत पोचलो. लेक मामांचं बोट धरून आली. मी प्रतिज्ञापत्र आधीच टाईप करून ठेवलं होतं, ग्रामसेवकाने मजकूर बघितला की हिमायतनगरला नोटरीपुढे सही, एवढंच बाकी होतं. ग्रामसेवकाने ते मोठ्याने वाचलं. "...सदर मुलगा हा माझा नसून..."

"थांबा," मामा म्हणाले. "हे आसं मी लिहून देणार न्हाई."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

"आबा, हाच तर मुद्दा आहे," ग्रामसेवक म्हणाला.

"मुद्दा तुमचा. माझा न्हाई आसं मी कागदावर बोलणार न्हाई. माझ्या बहिणीचा हाय आसं लिवा. ते खरं हाय, त्याच्यावर मी धा सह्या देतो."

ग्रामसेवकाने डोकं खाजवलं. तसं लिहिलं तरी चालेल, पण बाँड नवा लागेल, टाईप नवं, नोटरी हिमायतनगरला, आणि त्याला साडेबाराला तालुक्याच्या मीटिंगला निघायचं होतं. लेकीला आईजवळ सोडून मी मामांना मोटरसायकलवर बसवलं. बारा किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता. मामांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. टायपिंगवाल्याकडे लाईट नव्हती. ती येईपर्यंत मी त्याच्या दुकानापुढे येरझाऱ्या घातल्या, एका गिऱ्हाइकावर उगीच खेकसलो. मामा पायरीवर शांत बसून होते. परत आलो तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं होती आणि ग्रामसेवक गाडीला किक मारत होता. मामांनी जाऊन त्याच्या गाडीची किल्लीच फिरवली. "पाच मिनिटं, साहेब," ते म्हणाले. तो कुरकुरत उतरला.

रजिस्टर उघडलं गेलं. लेक धावत येऊन मामांच्या मांडीवर बसली. ग्रामसेवकाने समासात मजकूर लिहिला, माझ्या वडिलांचं नाव, आईचं नाव, खाली तारीख. पंचांनी अंगठे आणि सह्या केल्या. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांचं नाव त्या पानावर तेव्हा पहिल्यांदा लागलं. पुढे मुंबईच्या खिडकीत माझी फाईल ठेवून घेतली, नऊ आठवड्यांनी पासपोर्ट शिक्का मारून परत आले. पण माझा जीव टांगणीला लागला होता तो त्या खोलीत.

"आबा," ग्रामसेवकाने सहज विचारलं, "पण तेव्हा तुमचं नाव लागलंच कसं?"

"जुन्या ग्रामसेवकाची चूक," मीच घाईने म्हणालो.

"चूक कशाची?" मामा म्हणाले. "मीच सांगितलं तसं."

आईने पदर तोंडाला लावला. मामा रजिस्टरकडे बघत बोलत होते. "हे लई अशक्त जन्मलं होतं. जगतंय का न्हाई आसं. आन् तिकडं मानपानावरून भांडण पेटलेलं. धा दिस झाले, चाकूरकडून कुणी तोंड बघाया आलं न्हाई. मी मनलं, न्हाई आले तर न्हाई आले. आमच्या घरात लेकरू नव्हतं, आपुन सांभाळू. साहेबानं इचारलं बाप कोण, मनलं मी. आई कोण, मनलं माझी घरवाली. तिनंच न्हाऊमाखू घालून राखलं होतं ह्याला."

"मग?"

"मग काय. दीड महिन्यानं दाजी आले बैलगाडी घिऊन. हात जोडले त्यांनी. ज्याचं लेकरू त्याला दिऊन टाकलं. ह्याची मामी आठ दिस जेवली न्हाई." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "तवाबी दिलं. आताबी दिऊन राहिलो."

मग त्यांनी मांडीवरच्या लेकीला उचलून माझ्या हातात दिलं आणि सहीसाठी पेन मागितला.